किनाऱ्यावर जाण्याआधी तिथी विचारा

रोह्याला घर असलं की दिवाळीच्या सुट्टीपासून होळीपर्यंत पाहुणे येत राहतात, आणि ते यावेत असंच मला मनापासून वाटतं. आमच्या भागात डोंगर आणि दर्या यांच्यात फारसं अंतरच नाही. गावाला लागून कुंडलिका, डोक्यावर अवचितगड. चणेऱ्याच्या रस्त्याने साळावला उतरलं की उजवीकडे पूल ओलांडून रेवदंडा, चौल आणि पुढे अलिबाग. डावीकडे वळलं तर कोर्लईचा किल्ला, काशीदची पांढरी वाळू, मुरुड आणि राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी उभा असलेला जंजिरा. फोनवर सगळे विचारतात, रस्ता कसा आहे, सुरमई कुठे ताजी मिळेल, खोलीचं भाडं किती. पाण्याची वेळ काय, हा प्रश्न मला अजून एकाही पाहुण्याने आपणहून विचारलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर पेण तालुक्यातलं, खारेपाटातलं. पेण म्हटलं की लोकांना गणपती आठवतात, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतल्या मूर्तींच्या रांगा आठवतात, पोह्याचे पापड आठवतात. पण त्याच पेणचा पश्चिमेकडचा भाग धरमतरच्या खाडीला लागून आहे आणि तिथली भातशेती मातीच्या बांधांच्या भरवशावर उभी आहे. बांधाच्या एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला खारं पाणी. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली की पाणी शेतात शिरतं आणि ती जमीन पुढची दोन-तीन वर्षं धड पिकत नाही. खांड बुजवायला घरटी माणूस निघायचा, त्याला जोळ म्हणत. माझे वडील रात्री कंदील घेऊन बांधावर गेलेले मला आठवतात. आमच्या भिंतीवरचं पंचांग मुहूर्तासाठी कमी आणि भरतीसाठी जास्त उघडलं जायचं. आज कुठली तिथी आहे हे घरातल्या लहान पोरालाही सांगता यायचं, कारण त्यावर बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, झापडं कधी लावायची आणि जिताडा मासा कधी लागणार, हे ठरत असे.

लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा वाटलं, आता खाडी मागे राहिली. तसं काही नव्हतं. कुंडलिकेतूनही भरतीचं पाणी वर येतं.

वडिलांनी शिकवलेला हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याचा पाऊणपट करायचा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारचा पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराचा पाऊणपट सव्वा अकरा, प्रत्यक्षात बारापर्यंत जातं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्याला लागू पडतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते. नेमकी वेळ हवी असेल तर मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, वर्तमानपत्रातही येतं. पण तिथी ठाऊक असली की निघायच्या आधीच दिवसाचा आराखडा डोळ्यांपुढे येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, विशेषतः नंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण असतं. पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं, आमच्या किनाऱ्यावर हा फरक चार मीटरच्याही वर जातो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फारसं वर येत नाही आणि फारसं मागेही जात नाही. आणि तिसरी, जी बाहेरच्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही: पाणी सहा तास एकसारखं सरकत नाही. पहिल्या तासात सावकाश, मग जोर धरतं, आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी जागा बदलतं. त्या दोन तासांत समुद्राच्या अंगात जो जोर असतो तो वरून पाहून कळत नाही.

तो मी डोळ्यांनी पाहिला. त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली होती. माझी नणंद पुण्याहून मुलं आणि त्यांचे मित्र घेऊन आली होती. सकाळी लवकर निघून अकराच्या आत पाण्यात जाऊ, भरती पुरी होईस्तोवर खेळून बाहेर येऊ, असं मी आदल्या रात्री सांगितलं होतं. पण सुट्टीतलं घर. आंघोळी, पोहे, पुन्हा चहा, वाटेत फोटो. काशीदच्या बाजूच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. पाणी एक-सव्वाला फिरलं होतं, म्हणजे ओहोटीचा ऐन जोर. मी नणंदेला म्हटलं, "आता कुणी गुडघ्याच्या वर जाऊ नका." भाचा हसून म्हणाला, "मामी, मी रोज पन्नास लॅप मारतो." खरंच मारायचा. शाळेपासून तरणतलावात वाढलेला मुलगा, घरात बक्षिसांचं कपाट.

किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधे एक पट्टा गप्प दिसत होता. फेस नाही, लाट नाही, पाणी जरा गढूळ. मुलांनी तोच पट्टा निवडला, कारण तो शांत होता. नेमकं तिथेच पाणी परत जात असतं. लाटांनी वर आणून टाकलेलं सगळं पाणी वाळूतल्या खोलगट वाटेने समुद्राकडे वाहतं. वरून ते शांत दिसतं आणि खाली ते नदीच्या वेगाने ओढतं. भाचा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. एक पाऊल मागे गेलं, पायाखालची वाळू सरकली, आणि थोड्याच वेळात त्याचं डोकं आम्हाला लाटांच्या पलीकडे दिसलं. तो पोहत होता, सगळा जीव लावून सरळ आमच्याकडे पोहत होता, आणि जागचा हलत नव्हता. नणंद "वहिनी, वहिनी" एवढंच म्हणत माझा दंड धरून उभी होती. त्याचा मित्र पाण्यात धावायला निघाला, त्याला आम्ही दोघींनी शर्टाला धरून मागे ओढलं.

त्याला वाचवलं ते पाण्यातल्या खेळांच्या टपरीवर काम करणाऱ्या एका गावातल्या पोराने. तो हवेची ट्यूब घेऊन पाण्यात शिरला, पण समोरून नाही. वीस-पंचवीस पावलं बाजूला जाऊन, जिथे लाटा फुटत होत्या तिथून. आणि ओरडत होता, "समोर येऊ नको, आडवा जा, आडवा!" भाच्याने ते ऐकलं. किनाऱ्याला समांतर पोहायला लागला, त्या वाटेतून बाहेर पडला आणि मग लाटांनीच त्याला आणून टाकलं. ओठ निळे पडले होते. पाणी पोटात गेलं होतं, छातीतही गेलं असावं.

त्या पोराचं बोलणं मी आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पाण्याने ओढलं तर त्याच्याशी झगडू नका. पाठीवर तरंगा, हात वर करा, जोर ओसरला की आडवे जा. पोहता येत असलं म्हणून दम पुरत नाही. आणि बाहेर उभ्या असलेल्याने हात रिकामे घेऊन आत जाऊ नये. ट्यूब, दोरी, मोकळा प्लास्टिकचा कॅन, जे तरंगेल ते फेकावं. एकाला काढायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्यात पुन्हा पुन्हा येतात.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडला पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल आली होती आणि त्यातली डझनाहून अधिक मुलं-मुली बुडाली. रायगडातलं किनाऱ्यावरचं घर नाही की ज्याला ती दुपार आठवत नाही. मला त्यातली एक गोष्ट सतत बोचते. तो पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती, म्हणजे भांगाचे दिवस. तेव्हा तिथी पाहून नुसतं "आज उधाण नाही, चला" असं कुणी म्हणू नये. तिथी सांगते पाणी केव्हा फिरणार. कुठे खड्डा आहे, कुठे वाळू सरकली आहे, खडक कुठे आहेत, हे किनाऱ्यावरचा माणूसच सांगू शकतो. गाडीतून उतरल्यावर चहा घेण्याआधी नारळवाल्याला, होडीवाल्याला किंवा जाळं शिवत बसलेल्या कोळीदादांना विचारा: "पाणी कुठल्या वेळी फिरतंय, आणि लोक कुठे उतरतात?" ते सांगतात, आणि कुणाला आत जाताना पाहून ओरडतातही. त्या ओरडण्याचा राग मानू नका. जीवरक्षक दिसत असेल तर त्याच्या समोरच उतरा. लहान मुलाचा हात कोपरापाशी धरा, तळव्याला नाही. ओल्या हातातून तळवा निसटतो.

अलिबागला जाणाऱ्यांची फसगत निराळी होते. कुलाब्याचा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं. आत सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे, आंग्र्यांच्या आरमाराची आठवण आहे. पाहिलाच पाहिजे असा किल्ला. पण लोक पौर्णिमेच्या दिवशी भर दुपारी येतात, समोर पाणीच पाणी बघून नाराज होतात. किंवा अष्टमीला येतात, बाराला ओहोटी असते, आणि तरी मधे पाणी उरतं, कारण भांगाला ते पुरतं मागे जात नाही. चालत जायचं असेल तर द्वितीया ते पंचमी या तिथी धरा. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ओहोटी पूर्ण होते आणि उधाणाचा जोर अजून टिकलेला असल्यामुळे वाट मोकळी होते. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा आणि ती पूर्ण झाल्यावर पाऊण-एक तासात परतीला लागा. आत गप्पांत रमलेली माणसं पाण्याने अडकतात. मग होडी मिळेपर्यंत किंवा पुढच्या ओहोटीपर्यंत तटावर बसून राहावं लागतं. अडकलातच तर बसून राहा. कमरेएवढ्याच पाण्यातून जाऊ, हा विचार करू नका. मधे दगड आहेत आणि पाणी आडवं वाहतं.

गाडी वाळूत नेऊ नका. ओहोटीनंतरची वाळू कडक दिसते, पोरं चक्कर मारायला जातात, चाक रुततं. मग ट्रॅक्टर शोधेपर्यंत भरती येते. मी एका किनाऱ्यावर नवी कोरी गाडी काचेपर्यंत पाण्यात उभी पाहिली आहे आणि तिच्या मालकाचे आईवडील बाजूला वाळूवर बसलेले पाहिले आहेत.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जातात. होडीतून किल्ल्यात पाऊल ठेवताना लाटेबरोबर होडी वर-खाली होत असते, तेव्हा मोबाईल खिशात आणि दोन्ही हात मोकळे हवेत. गर्दी असेल तर पुढच्या होडीने जा. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. तेव्हा जास्त पैसे देऊन नेतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्या होडीत मुलाबाळांना बसवू नका.

आता नदीचं. समुद्राशी जपून वागणारी माणसं नदीला मात्र घरचीच समजतात. आमची कुंडलिका चैत्र-वैशाखातही वाहते, याचं बाहेरच्यांना कौतुक वाटतं. ते पाणी पावसाचं नाही. मुळशीच्या धरणातलं पाणी बोगद्यांतून आणि नळांतून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून नदीत पडतं. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. त्याच धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. कोलाडला राफ्टिंग होतं ते याच सोडलेल्या पाण्यावर, म्हणून ते सकाळी असतं. राफ्टिंगला जाणाऱ्याला जॅकेट मिळतं, शिरस्त्राण मिळतं, पुढे वाट दाखवणारा असतो. धोका असतो तो खालच्या अंगाला दगडांवर चटई टाकून जेवायला बसलेल्या कुटुंबाला. आकाश निरभ्र, पाणी घोट्याएवढं, आणि वीजघर चालू झालं की पाणी चढतं. नदीत उतरायच्या आधी जवळच्या वाडीत विचारा, पाणी सोडलं का, केव्हा सोडतात. नदीच्या मधल्या दगडावर मुलांना बसवून फोटो काढू नका. दगड ओला दिसत असेल तर तिथवर पाणी नुकतंच येऊन गेलेलं असतं.

पावसाळ्यात यायचंच असेल तर डोंगर लांबून बघायला या. तेव्हा आमचा भाग खरोखर सुंदर असतो, पेणपासून रोह्यापर्यंत प्रत्येक डोंगरावरून पांढरी रेघ उतरते. पण अंबा नदीने जुलै १९८९ मध्ये जांभूळपाडा आणि नागोठणे यांचं काय केलं ते आमच्या पिढीने पाहिलं आहे. एका रात्रीत घरं गेली, माणसं गेली. वर डोंगरात किती पडतंय हे खाली उभ्या असलेल्याला कळत नाही. देवकुंडसारख्या धबधब्यांवर प्रशासन पावसाळ्यात बंदी घालतं, आणि दरवर्षी कुणीतरी आडवाटेने जातं. पुलावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे कितीही जवळचं घर असलं तरी थांबा. पेणला किंवा रोह्याला लॉजवर एक रात्र काढायला फार पैसे लागत नाहीत.

येण्याच्या वाटेबद्दल थोडक्यात. शनिवारी सकाळी वडखळच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते; अलिबागचा आणि गोव्याचा रस्ता तिथे फुटतो. तिथे तास-दीड तास गेला की तुमची भरती हुकते, मग माणसं चिडून अवेळी पाण्यात उतरतात. शक्य असेल तर आदल्या रात्री पेणला किंवा रोह्याला मुक्काम करा. दिवा आणि पनवेलहून रोह्याला रेल्वे येते, पेण वाटेतच आहे. रोह्याहून मुरुडला एसटी आहे. मुक्कामासाठी आगाऊ पैसे पाठवताना त्या गावातल्या कुणाला तरी विचारून घ्या की असं घर खरंच आहे का. नुसत्या फोटोंवर पैसे देऊन आलेली आणि पत्ता शोधत फिरणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. दारू पिऊन पाण्यात उतरण्याबद्दल मी वेगळं लिहीत नाही. ते कुणाला ठाऊक नाही असं नाही. फक्त एवढं सांगते, जेवण झाल्यावर पाण्यात जायचं हा सहलींचा क्रम उलटा करा. आधी पाणी, मग मासे.

आणि कुणी बुडालंच, तर काय करायचं ते आधीच ठरवून या. एकाने बुडणाऱ्यावरची नजर हलवायची नाही. एकाने ११२ ला फोन करायचा, रुग्णवाहिकेसाठी १०८; कुणी समुद्रात लांब गेलं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरू नका, पोट दाबत बसू नका. आमच्याकडे अजून लोक तेच करतात आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर डोकं मागे करून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोराने दाब द्या. तीस दाबांमागे दोन श्वास, मदत येईपर्यंत. हे करायला डॉक्टर असावं लागत नाही, एकदा कुठेतरी शिकून घ्यावं लागतं.

माझा भाचा अर्ध्या तासात उठून बसला, हसायलाही लागला. मुलं म्हणाली, झालं, आता घरी जाऊ. नणंदेने ऐकलं नाही, त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि रात्रभर ठेवून घेतलं. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं, खोकला वाढतो, धाप लागते, म्हणून बुडता बुडता वाचलेला माणूस कितीही बरा दिसला तरी त्याला दाखवायचंच. पहाटे त्याला खरंच धाप लागली, तेव्हा ऑक्सिजन हाताशी होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला सोडलं.

ती सगळी मंडळी पुन्हा यायची आहेत. या वेळी मी त्यांना तृतीयेचा दिवस सांगितला आहे, आणि सकाळी सहाला घरातून निघायचं असंही.